चाळण वापरणारे किती?

संस्थेतला सर्वांत नियमित कर्मचारी आठ महिन्यांपूर्वीच वारला आहे, ही गोष्ट पहिल्यांदा वायरभाऊंच्या लक्षात आली.

वायरभाऊ म्हणजे आमच्याकडचे संगणक सांभाळणारे गृहस्थ. कमरेला कायम एखादी वायर गुंडाळलेली, म्हणून हे नाव. ते ग्रंथालयात आले, खुर्ची ओढली आणि नुसतेच बसले. बोलका माणूस गप्प बसला की समजावं, काहीतरी शिजलं आहे.

"ताई, यादी काढली. कोण कुठलं सॉफ्टवेअर किती वेळा उघडतं त्याची."

"मग?"

"सगळ्यात वर तुमचे बाबा आहेत."

मी हातातलं पुस्तक कपाटात ठेवलं. उलटं ठेवलं गेलं, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

"जुनी यादी असेल."

"गेल्या महिन्याची आहे. एक सुट्टी नाही. रविवारीसुद्धा हजर. असताना साहेब रविवारी कधी यायचे नाहीत."

आमची संस्था लोकांची दुखणी मोजते. कुठल्या वस्तीत किती जण खोकतात, कुणाचा रक्तदाब चढलेला, हे सगळं गोळा होतं आणि मग त्याची सरासरी, टक्केवारी, आलेख निघतात. त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर चार होती आणि चौघांना बाबांनी ठेवलेली नावं अजून चालतात. पहिलं महागडं, दर वर्षी मानपान करून त्याचा परवाना नवा करावा लागतो आणि एक दिवस उशीर झाला तर रुसून बसतं, ते जावईबापू. दुसरं फुकट, जगभरच्या लोकांनी थोडं थोडं करून रांधलेलं, कुणी काय घातलं त्याचा पत्ता नाही; ते गावजेवण. तिसऱ्यात विचार करावा लागत नाही, नुसती बटणं दाबायची, ती बटणवाली. आणि चौथी चाळण. ती बाबांनी स्वतः लिहिलेली.

संचालकांना आता या चारांची लोकप्रियता मोजून हवी होती. नवा सर्व्हर येणार होता. त्यावर तेच सॉफ्टवेअर जाणार जे किमान पाच माणसं वापरतात. बाकीचं सोमवारी जुन्या यंत्रासकट भंगारात.

"हे काम ग्रंथपालबाई करतील," ते बैठकीत म्हणाले होते. "त्यांना चारही सारखीच परकी."

"चौथं तिच्या वडिलांचं आहे," कुणीतरी आठवण करून दिली.

"म्हणून तर. त्यांची मुलगी आकड्यात खोट करणार नाही."

संचालकांचा चाळणीवर जुना डूख होता. तरुणपणी त्यांनी बड्या पाहुण्यांसमोर, पडद्यावर, तीन रोग्यांच्या माहितीवरून एक मोठा निष्कर्ष काढायला घेतला होता. चाळणीने भल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'तीन माणसांना विचारून जग कळत असतं, तर मी घरीच विचारलं असतं.' पाहुणे हसले. संचालक त्या दिवसापासून जावईबापूंचे झाले.

कारण चाळण बोलते. इतर सॉफ्टवेअर चूक झाली की लाल अक्षरांत काहीतरी अगम्य टाकतात. चाळण टोमणा मारते. वयाच्या रकान्यात दोनशे लिहिलं तर म्हणते, 'पत्ता द्या, भेटून येतो.' रकाना मोकळा सोडला तर म्हणते, 'विसरलात की लपवताय?' शब्द लिहिला तर, 'आकडा मागितला होता, कैफियत नाही.' हे सगळं बाबांच्या तोंडचं आहे. घरीही ते असंच बोलायचे आणि घरी त्याला कुणी पडदा लावला नव्हता.

मोजायला बसले तेव्हा कळलं की लोकप्रियता हे फार मनमिळाऊ प्रकरण आहे. ज्याला जे हवं ते त्याला दाखवते. संस्थेच्या अहवालांत कुणाचा उल्लेख जास्त, हे पाहिलं तर जावईबापू पुढे. लोक काम कशातही करोत, छापताना त्याचंच नाव घालतात; लग्नपत्रिकेत दूरचा श्रीमंत काका घालावा तसं. वायरभाऊंकडे कुणाबद्दल प्रश्न जास्त येतात, असं पाहिलं तर गावजेवण. गावजेवणवाल्यांनी हा पुरावा मोठ्या अभिमानाने पुढे केला.

"प्रश्न म्हणजे तक्रारी आहेत," मी म्हटलं. "तक्रारींवर लोकप्रियता ठरवायची तर सगळ्यात लोकप्रिय जिन्याखालचा नळ."

आणि कोण किती वेळा उघडलं जातं, असं पाहिलं तर चाळण पहिली. बाबांच्या नावाने.

वायरभाऊंनी खुर्ची आणखी जवळ घेतली. "ताई, एक बोलू? उघडण्याचाच आकडा द्या. कोण उघडतं, असं कुणी विचारलं तरच सांगायचं. कोण विचारणार आहे?"

"पाच माणसं लागतात."

"निवृत्त झालेल्या चौघांचे पासवर्ड मला पाठ आहेत. चौघांचाही एकच आहे."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, बघू.

घरी गेले तेव्हा आई चष्मा शोधत होती. मी तिच्या डोक्याकडे बोट दाखवलं. तिने तो तिथून ओढून नाकावर घेतला. आभार वगैरे मानायची पद्धत आमच्याकडे नाही. आई शाळेत गणित शिकवायची. तिच्या मते बरोबर उत्तराला शाबासकी द्यायची नसते, ते बरोबर असायलाच हवं असतं.

"तू बाबांचा लॅपटॉप उघडतेस?"

"उघडते. धूळ बसते."

"रोज?"

"धूळ रोज बसते."

"आई, संस्थेत कळलंय."

ती भाजी निवडायला बसली होती, ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "चाळण लिहून झाली तेव्हा हे मला म्हणाले होते, तुझ्यासाठी एक वाक्य ठेवलंय त्यात, शोध. मी म्हटलं, मला वेळ नाही, उत्तरपत्रिका पडल्यात." देठं तिने एका बाजूला सारली. "आता वेळच वेळ आहे."

"सापडलं?"

"बाकी सगळी सापडली. खोडसाळ माणूस. वजनाच्या जागी दुधाचा भाव टाकला, पुरुषांच्या रकान्यात बाळंतपणं टाकली, जन्मतारीख पुढच्या वर्षाची दिली. प्रत्येकाला वेगळं बोलतात. माझं तेवढं काढत नाहीत."

मी तिला सोमवारचं सांगितलं. जुनं यंत्र जाणार, चाळण त्याच्याबाहेर चालत नाही, लॅपटॉपवर दिसते तीही तिथूनच. पाच माणसांची अट सांगितली. आणि मग, सांगायचं नव्हतं तरी, वायरभाऊंची युक्तीही सांगितली.

"म्हणजे मी बोगस मतदार," आई म्हणाली. "वर माझ्या सोबतीला आणखी चार."

"त्याने तुला वेळ मिळेल."

तिने उत्तर दिलं नाही. तिच्या वर्गात याचा अर्थ, बाई तुम्हाला स्वतःहून चूक दुरुस्त करायची संधी देत आहेत, असा होता.

शनिवारी वायरभाऊ घरी आले. माणूस भला. म्हणाले, "काकू, कशाला एवढा खटाटोप? चाळणीच्या आतला मजकूर उघडतो, पाच मिनिटांत तुमचं वाक्य वाचून दाखवतो."

"जन्मभर मुलांना सांगितलं, शेजारच्या पेपरात बघू नका," आई म्हणाली. "आता मी बघू?"

"त्यांना काय कळणार आहे, काकू?"

"मला कळेल. चहा घेणार?"

वायरभाऊंनी चहा घेतला आणि जाताना दारात मला हळूच म्हणाले, "साहेब बोलायचे, पण घाबरायचे ते यांनाच."

रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर अहवालाचे कागद पसरले होते आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई लॅपटॉपवर शेवटच्या चुका करत होती. मध्येच तिने हात मांडीवर ठेवले.

"संपल्या," ती म्हणाली. "आता मला सुचत नाही. चुका करायचं वळण नाही ना आपल्याला. तुझं दे काहीतरी."

"माझं काय?"

"ती लोकप्रियता. त्यात चुकाच चुका असतील."

मी जरा दुखावले, पण कागद घेऊन तिच्या शेजारी बसले. संस्थेतल्या एकेकाचं नाव, तो काय वापरतो, किती वेळा उघडतो, हे सगळं चाळणीत भरलं. निकाल दाखव, असं सांगितलं.

'विचारलं किती जणांना? बोलले किती? न बोललेले कुठे गेले?'

आई खुदकन हसली. बाबा मला बोलत असताना ती नेहमी असंच हसायची, तोंड दुसरीकडे करून.

न बोललेले खरंच गाळले होते मी. काहींनी उत्तर दिलं नव्हतं, त्यांत खुद्द संचालक. सगळ्यांची नावं घातली, पुढे 'उत्तर दिलं नाही' असं लिहिलं. पुन्हा निकाल मागितला.

'बटणवाले दोनदा आलेत. जुळे आहेत का?'

दोनदा आले होते. एकाच माणसाचं नाव दोन तऱ्हांनी लिहिलं होतं. ते काढलं.

'एकाच नावावर एवढ्या नोंदी? हा माणूस आहे की मुंगी?'

बाबांच्या नावाची ओळ चाळणीने पिवळी केली होती. आम्ही दोघी त्या ओळीकडे पाहत राहिलो. स्वतःलाच मुंगी म्हणवून घेतलं त्यांनी, असं काहीतरी मला बोलता आलं असतं. ते त्यांना आवडलंही असतं.

"आई, ही ओळ ठेवली तर चाळण पहिली येते."

"ओळ खरी आहे का?"

"उघडलं तर खरंच आहे कुणीतरी."

"कुणीतरी नाही. मी. आणि मी तुमच्या संस्थेत कामाला नाही." तिने चष्मा वर सारला, मग पुन्हा खाली घेतला. "काढ."

मी ओळ काढली. चाळणीने विचारलं: 'वगळण्याचं कारण?'

मी लिहिलं: इतर.

'इतर हे कारण नाही, आळस आहे.'

मी पुन्हा लिहायला बोटं ठेवली. शब्द लहान आहे. ग्रंथालयाच्या सभासदांच्या यादीत मी तो किती जणांपुढे लिहिला आहे, त्या वेळी हात अडत नाही. मी लिहिलं, 'निवृत्त'. ते खोटं नव्हतं. मग पुसलं.

आईने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिने लिहिलं: मयत. शुद्धलेखन तपासावं तसा तो शब्द एकदा वाचला आणि बटण दाबलं.

जुनं यंत्र वेळ घेतं. नेहमीच घ्यायचं. बाबा म्हणायचे, विचार करतंय, तुम्हीही करा.

मग तक्ता आला. सरळ, रेघा मारलेला. सर्वांत वर गावजेवण, थोडक्यात मागे जावईबापू, मग बटणवाली. सर्वांत शेवटी चाळण, वापरणारे शून्य. त्यांच्याच हाताने लिहिलेलं सॉफ्टवेअर, स्वतःपुढे शून्य मांडताना जराही अडखळलं नव्हतं. मी तो आकडा कागदावर उतरवून घ्यायला पेन उचललं. खाली आणखी एक ओळ आली आहे, हे आईने आधी पाहिलं.

'एकही चूक नाही. म्हणजे संस्थेतलं कुणी नाही, तू आहेस. चष्मा शोधत असशील तर डोक्यावर आहे.'

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी त्याला अजून ये, अजून ये, असं सांगत होतं.

आईचा हात डोक्याकडे गेला. तिथे नुसते केस होते. मग तिने नाकावरचा चष्मा नीट बसवला, लॅपटॉपवर वाकली आणि पुढचा आकडा लिहायच्या चौकोनात, एका बोटाने, लिहिलं:

चुकलात. नाकावर आहे.

यंत्राने पुन्हा वेळ घेतला.

'आकडा मागितला होता, कैफियत नाही.'

"बघ," आई मला म्हणाली. "कबूल म्हणून करायचं नाही."