पहिल्यापासून

वकील सुनीतीताईंनी वैद्यकीय अहवालातल्या एका ओळीखाली पेनाचं टोक टेकवलं आणि विचारलं, "बेबीताई, हे तुम्ही म्हणाला होतात?"

बेबीताईंना इंग्रजी येत नव्हतं. त्या ओळीकडे नुसत्या पाहत राहिल्या. शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान रामराव पाठ ताठ ठेवायची खटपट करत होते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेला माणूस, कळंबहून यवतमाळला येताना एसटीत सगळी वाट झोपला होता, आणि उतरला तो थकलेलाच.

"काय लिहिलं हाय त्याच्यात?"

"की यांचं घोरणं भरती व्हायच्या आधीपासूनचं आहे. पत्नीनं सांगितलं, असं."

रामरावांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार होता. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मग मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो. हे रात्रभर चालतं. निवृत्तीच्या वेळी बसलेल्या वैद्यकीय मंडळाने आजार मान्य केला होता, पण तो नोकरीमुळे झाला हे मानलं नव्हतं. म्हणून अपंगत्वाचं निवृत्तिवेतन नाकारलं गेलं, आणि त्यावरचं अपील याच ओळीवर बोट ठेवून फेटाळलं गेलं. आता न्यायाधिकरणात जायचं होतं. त्यासाठी बेबीताईंचं शपथपत्र हवं होतं.

गावात लोक हसत. "रामभाऊ, झोपेची पेन्शन भेटली का?" रामरावही हसत. सुनीतीताईंपुढेही पहिल्या भेटीत ते म्हणाले होते, "मॅडम, फौजेत लोकायले गोळी लागते. मले झोप लागली." पण बर्फातल्या चौकीवर त्यांनी जे अंगावर घेतलं, ते तिथलंच आहे असं कोणीतरी लिहून द्यावं, एवढं एकच त्यांना हवं होतं. घरी ते दुसरं काही बोलत नसत.

"डॉक्टरांनी नेमकं काय विचारलं होतं?" सुनीतीताई म्हणाल्या.

"ह्यायले बाहेर बसवलं. मले म्हणे, खर्राटे कब से? मी म्हटलं, पहले से."

सुनीतीताईंनी पेन खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी तरतरी आली. "बघा! तुम्ही मनात 'पहिल्यापासून' म्हणालात. आपल्याकडे सून म्हणते, मी पहिल्यापासून चहा घेत नाही, तेव्हा ती जन्मापासूनचं सांगते का? या घरात आल्यापासूनचं सांगते. डॉक्टरांना हिंदीत ऐकू आलं, आधीपासून. तुमचं लग्न झालं तेव्हा हे नोकरीत होते ना?"

"होतो तं!" रामराव पुढे सरकले. "सुट्टी घेऊन आलतो लग्नाले. बरोबर पकडलं मॅडम तुमी."

"भरतीच्या तपासणीत यांना काही आजार नव्हता असं त्यांचेच कागद सांगतात. म्हणजे अडचण फक्त या एका शब्दाची. लग्नापासून, असं लिहू."

बेबीताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनी ते सोडलं.

"मी ह्यायच्या मामाचीच पोरगी," त्या म्हणाल्या.

"बरं?"

"उन्हाळ्यात हे आमच्या घरी येत, घाटंजीकडं. सारे पोरं अंगणात झोपत. हे घोरले का आमचे बाबा म्हणत, भाच्याची गिरणी सुरू झाली."

"अवो, सर्दी असन तवा," रामराव म्हणाले.

"सर्दी नव्हती."

"तुले कायले याद हाय एवढं?"

सुनीतीताई शब्द निवडत म्हणाल्या, "लहानपणाचं कोणी विचारलेलं नाही. आपण होऊन सांगायलाच पाहिजे, असं नाही. लग्नापासूनचं तुम्ही सांगता, ते खोटं नाहीच."

बेबीताईंनी पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं. सुनीतीताईंनी जुनी कागदपत्रं चाळायला घेतली, आणि तेवढ्यात रामरावांची मान कलली. दोन-चार श्वास घरघरत आले. मग काहीच आलं नाही. छाती हलत होती, पण नाकातोंडातून हवा नव्हती. सुनीतीताईंचा हात फायलीवर तसाच राहिला. बेबीताईंनी नवऱ्याकडे न बघताच हात लांब केला आणि त्यांच्या दंडाला कोपरापाशी ढोसलं. रामरावांनी मोठ्याने श्वास ओढला, कूस बदलावी तसे हलले आणि झोपलेच राहिले.

"हे असं लहानपणी होत होतं?" सुनीतीताईंनी हळूच विचारलं.

"हे? नाई. तवा नुसता आवाज. बंद पडणं मागून आलं."

"कधी?"

"वरच्या, बर्फातल्या पोस्टिंगहून आले, मंग आमाले क्वार्टर भेटलं, तवा. मी उठवलं का म्हणत, काहून उठवते?"

"हे डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"त्यायनं खर्राट्याचं विचारलं."

सुनीतीताईंनी कोरा कागद ओढला. "घोरणं हा आजार नाही, बेबीताई. श्वास थांबणं हा आजार. पण ऐका. दोन्ही वाक्यं लिहिली तर समोरचे वकील पहिलंच उचलतील. घोरत होताच, म्हणतील. केस जाऊ शकते. पहिलं गाळलं तर आपली बाजू स्वच्छ आहे."

"दोन्ही लिहा."

"यांना विचारायचं?"

"सांगणारी मी हावो. मले कोणी उभं करून विचारलं तं तेच निघन तोंडातून."

शपथपत्र मराठीत टाइप होऊन आलं तेव्हा रामराव जागे झाले होते. त्यांनी चष्मा लावून वाचलं. पहिल्या वाक्यापाशी ते फार वेळ थांबले. दुसरं एकदाच वाचलं.

"हे कायले?" ते म्हणाले.

"तसंच होतं म्हून."

"याच्यानं हरलो तं?"

बेबीताईंना या प्रश्नाचं वाईट वाटायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. वाटलं नाही. हातात पेन होता, तो त्यांनी कागदावर आणला आणि थांबल्या. "नोको करू का सही?"

रामरावांनी चष्मा काढून खिशात घातला. खिडकीखाली कोणी गाडी मागे घेत होतं, तिकडे ते पाहत राहिले.

"कर," ते म्हणाले. "कोर्टात हे सांगतानी मातर माह्याकडं पाहू नोको."

"बरं," बेबीताई म्हणाल्या, आणि सही केली.