बदली पिशवी

व्यंकट सर जाऊन पस्तीस दिवस झाले होते. त्यांचा मोबाइल सिंधुने बंद केला नव्हता. शाळेतून, बँकेतून, कुठल्या तरी जुन्या विद्यार्थ्याचा, असे फोन येत राहायचे. ती प्रत्येकाला तीच दोन वाक्यं सांगायची. सुरुवातीला दुसरं वाक्य पुरं व्हायचं नाही. आता आवाज हलतही नव्हता.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला.

"सर, दयानंद बोलतोय, रक्तपेढीतून. लई अर्जंट आहे सर. किनवटकडची बाळंतीण आहे, रक्त थांबत नाही. ओ निगेटिव्ह पाहिजे. तुमचे तीन महिने कधीच होऊन गेलेत, येता का?"

"सर गेले," सिंधु म्हणाली. "एक एप्रिलला. कोरोनानं."



"ताई, माफ करा. मला खरंच माहीत नव्हतं. सकाळपासून यादीतले अकरा फोन लावले. कुणी पॉझिटिव्ह आहे, कुणी परवाच लस घेतली. आणि दोघं तर..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं.

"असू द्या," सिंधु म्हणाली आणि फोन ठेवला.

व्यंकट सर नांदेडच्या एका शाळेत गणित शिकवायचे. दर तीन महिन्यांनी न सांगता रक्त देऊन यायचे आणि घरी आल्यावर दंडावरची पट्टी दाखवून म्हणायचे, "आज मला कुणी भाजी आणायला पाठवू नका." मार्चच्या शेवटी त्यांना ताप आला. नांदेडात कुठेच खाट मिळेना, म्हणून त्यांचा भाऊ भागवत त्यांना लातूरला घेऊन गेला. सिंधु आणि मुलगी साक्षी घरातच अडकल्या. दारावर महानगरपालिकेचा कागद चिकटवलेला होता. सहाव्या दिवशी सरांच्या पोटात रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरांनी भागवतला ओ निगेटिव्हच्या तीन पिशव्या आणायला सांगितलं. भागवतने दवाखान्याच्या फाटकाशी उभं राहून दिवसभर फोन केले. तीन अनोळखी माणसं येऊन रक्त देऊन गेली. तिन्ही पिशव्या चढल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर गेले. पुढचं सगळं लातूरलाच झालं. भागवतने ते लांबून पाहिलं. सिंधुने तेवढंही पाहिलं नाही. त्यामुळे तिला अजून काही झाल्यासारखंच वाटत नव्हतं. सर लातूरला गेलेत, इतकंच.

"कुणाचा फोन होता?" साक्षीने दारातून विचारलं. ती एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

"रक्तपेढीतून. त्यांना माहीत नव्हतं."

"कोणता ग्रुप पाहिजे म्हणाले?"

"ओ निगेटिव्ह."

"मम्मी, माझाही तोच आहे."

भागवत त्या दिवशी उमरीहून ज्वारी आणि तुरीची डाळ घेऊन आला होता. चहाची कपबशी खाली ठेवत तो म्हणाला, "अजाबात जायचं न्हाई. दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई या घरात. एक माणूस दिला न्हाई का आपण?"

"काका, पप्पांना पण कुणीतरी दिलंच होतं ना?"

"दिलं. अन् काय झालं त्याचं? तिघांचं रक्त घेऊन गेला माझा भाऊ." भागवतचा आवाज फुटला. तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. "वहिनी, तुमीच सांगा हिला."

दोघंही सिंधुकडे बघत थांबले. तिने मनात चाचपून पाहिलं. हो म्हणावं असंही काही सापडेना, नाही म्हणावं असंही. भीती वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती. ती उठली, खुंटीवरचा मास्क घेतला आणि म्हणाली, "चल. स्कूटी काढ."

रस्त्यावर दुकानांची शटर अर्धी खाली होती. चौकात पोलिसाने अडवलं. साक्षीने रक्तपेढीचं नाव सांगितल्यावर त्याने नुसता हात हलवून जायला सांगितलं.

दयानंद पायऱ्यांवरच भेटला. तिशीतला, दोन मास्क लावलेला, डोळे सुजलेले. सिंधुने सरांचं नाव आणि साक्षीचा ग्रुप सांगितला. त्याने साक्षीला आत नेलं, वजन केलं, बोटाला सुई टोचली आणि थेंब यंत्रात धरला. आकडा आला तसा त्याने पुन्हा दुसऱ्या बोटाला सुई टोचली.

"हिमोग्लोबिन नऊ पॉइंट आठ," तो हळूच म्हणाला. "साडेबारा लागतं. वजन पण एक्केचाळीसच भरतंय. नाही घेता येणार, बेटा."

"घ्या ना. मला काही होत नाही."

"तुला झालं तर मी काय करू?" त्याने सिंधुकडे पाहिलं. "ताई, हिचं आधीपासून कमी असेल थोडं. पण ही नीट जेवत नाही का?"

सिंधु उत्तर द्यायला गेली आणि थांबली. ती रोज दोन्ही वेळेला स्वयंपाक करत होती. रोज साक्षीचं ताट वाढत होती, रोज उचलत होती. ताटात भाकरी तशीच असायची, वरणावर साय धरलेली असायची. ते सगळं सिंधु ओट्याशी उभी राहून स्वतः खाऊन टाकायची, वाया जायला नको म्हणून. हे ताट कुणाचं, त्यात का उरलंय, हा प्रश्न तिला पस्तीस दिवसांत एकदाही पडला नव्हता.

"साक्षी," ती म्हणाली. "तू जेवतच नाहीस?"

साक्षीने टोचलेलं बोट दाबून धरलं. "जात नाही गं घशाखाली." मग तिचा चेहरा वाकडा झाला. "एवढंही जमलं नाही मला. पप्पा बत्तीस वेळा देऊन आले."

सिंधुने तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठीचे मणके हाताला एकेक करून लागले.

दयानंदचा फोन वाजला. तो कोपऱ्यात जाऊन बोलला आणि परत आला. "लातूरच्या रक्तपेढीत ओ निगेटिव्हची एक पिशवी आहे. पण त्यांच्याकडे थॅलेसेमियाचं, दर महिन्याला रक्त लागणारं एक पोरगं दोन दिवसांपासून बी पॉझिटिव्हसाठी थांबलंय. शिबिरं बंद, कॉलेजं बंद, कुणाकडेच साठा नाही. ते म्हणतात, तुम्ही आम्हाला बी पॉझिटिव्ह द्या, आम्ही तुम्हाला ओ निगेटिव्ह देतो. आणि माझ्याकडे बी पॉझिटिव्हची एकच पिशवी उरलीय. ती दिली आणि तासाभरात इथे अपघाताची केस आली, तर मी काय देऊ?"

"माझं बी पॉझिटिव्ह आहे," सिंधु म्हणाली.

दयानंदने हातातला फोन खाली ठेवला. "ताई, तुमच्यावर जबरदस्ती नाही."

"मला माहीत आहे. बघा तपासून."

तिचं बारा पॉइंट नऊ आलं. तो आकडा ऐकून तिला लाज वाटली. साक्षीच्या ताटातलं अन्न तिच्या अंगात होतं.

दयानंदने लातूरला फोन केला. तयार पिशवी घेऊन इथली गाडी लगेच निघेल, तिकडची तिथून निघेल, आणि अहमदपूरच्या फाट्यावर दोन्ही पेट्या बदलल्या जातील, असं ठरलं. सिंधुने दिलेलं रक्त तपासणी होऊन इथेच राहणार होतं. ती खाटेवर आडवी झाली. सुई गेली, तेव्हा फारसं दुखलं नाही. नळीतून रक्त उतरताना तिने पाहिलं. ते तिचं आहे असं काही तिला वाटलं नाही. बाहेर पेटी नेणाऱ्या गाडीचं दार लावल्याचा आवाज आला. लातूर, तिने मनात म्हणून पाहिलं. तरीही रडू आलं नाही.

नंतर दयानंदने कॉफी आणि बिस्किटाचा पुडा आणून दिला. सिंधुने पुडा फोडून साक्षीच्या हातात ठेवला.

"ही बिस्किटं तुझ्यासाठी आहेत. रक्त तू दिलंस," साक्षी म्हणाली.

"खा."

"मम्मी..."

"मी बघतेय. खा."

साक्षीने एक बिस्किट कॉफीत बुडवून खाल्लं, मग दुसरं. ती गिळेपर्यंत सिंधुने तिच्यावरून नजर हलवली नाही.

चार वाजता दयानंदचा निरोप आला की पिशवी पोचली, चढवायला सुरुवात झाली. तिसऱ्या दिवशी त्याने फोन केला, या वेळी सिंधुच्या नंबरवर.

"ताई, ती बाळंतीण, आरती नाव तिचं, ती वाचली. ऑक्सिजन काढला आज. मुलगी झालीय, चांगली आहे. लातूरच्या त्या पोरालाही मिळालं."

"बरं झालं," सिंधु म्हणाली. आणखी काही बोलायला हवं, असं वाटून ती थांबली. "तुम्ही जेवलात का?"

दयानंद हसल्यासारखा वाटला, की हुंदका होता, ते तिला कळलं नाही. "जेवतो ताई," तो म्हणाला.

भागवत अजून उमरीला गेला नव्हता. त्याने विचारलं, "कशी हाय ती बाई?"

"वाचली."

"आपल्या दादाला दिलं त्या तिघांना मी नंतर फोनच केला न्हाई," तो म्हणाला. "काय झालं म्हणून त्यांनी विचारलं असंल. मी उचलला न्हाई."

"करा आज."

"काय सांगू?"

सिंधुने विचार केला. "सांगा, एक दिवस जास्त मिळाला."

भागवत अंगणात गेला. थोड्या वेळाने त्याचा बोलण्याचा आवाज येऊ लागला, तुटक, मधेच थांबणारा. सिंधुने ताट वाढून साक्षीला हाक मारली. साक्षीने अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट सरकवलं. सिंधुने ते परत तिच्यापुढे ओढलं आणि स्वतः तिथेच समोर मांडी घालून बसली. उरलेली अर्धी भाकरी संपायला पाऊण तास लागला.