दहा डोकी, दोन टोप्या

प्राप्तीला मिळण्यासारखं काय होतं, ते आधी मांडून टाकू. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत सहा महिन्यांची जागा, राहायला खोली, आणि काम बरं झालं तर तिथेच पीएच.डी. बावीस जणांच्या वर्गात अशा जागा दोनच होत्या. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू तिने मांडली नव्हती; चोविसाव्या वर्षी ती कोणी मांडत नाही.

वर्ग भरला होता मुरुडला, महिपतच्या लॉजवर. तीन आठवड्यांत संगणकशास्त्र, जीवशास्त्र आणि मेंदूविज्ञान यांची सांगड घालून देणारा निवासी अभ्यासक्रम. निम्मी पोरं कॉम्प्युटरवाली. त्यांच्या मते मेंदू म्हणजे कुणीतरी घाईघाईत लिहून टाकलेला प्रोग्रॅम. निम्मी जीवशास्त्रवाली; त्यांनी बेडूक हसतहसत कापले होते, पण कोडची एक ओळ लिहायची म्हटली की त्यांना तहान लागायची. पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजू एकमेकांना मनातल्या मनात अडाणी म्हणत होत्या, दुसऱ्यात तोंडावर. तिसऱ्यात गळ्यात गळे पडले, कारण प्रोजेक्ट जोडीने द्यायचा होता.

प्राप्ती जीवशास्त्रवाली, आणि सगळ्या वर्गात इथली म्हणावी अशी एकटी. तिचं घर लॉजपासून चालत अर्ध्या तासावरच्या वाडीत. तिच्या जोडीला पुण्याचा निकेत आला होता. हा कॉम्प्युटरवाला, मासे खायचा, पण डोकं कापलेले आणि कुणीतरी तळलेले.

बाकीच्यांनी प्रोजेक्टसाठी परदेशातल्या उंदरांची माहिती इंटरनेटवरून उतरवून घेतली. प्राप्ती वर्ग चालवणाऱ्या मृणाली मॅडमना म्हणाली, "माझी आत्या बाजारात मासे विकते. मासा नुसता बघून ताजा की शिळा ते सांगते. तिच्या मेंदूत हे नक्की कधी ठरतं, ते मोजता येईल?"

मॅडम खुर्चीत सरळ झाल्या. "अशा किती बायका मिळतील?"

"दहा," प्राप्ती म्हणाली. विचारलं तिने अजून एकीलाही नव्हतं.

"दहाच हव्यात हं. नऊच झाल्या तर आकड्यांना अर्थ नाही, मग हा प्रोजेक्ट मी निवडीत धरणार नाही. आणि मेंदूच्या लहरी टिपणारं यंत्र शनिवारी दुपारी दोनच्या गाडीने पुण्याला परत जाणार आहे."

त्याच संध्याकाळी ती आत्याकडे गेली. सोनूबाई मासळीबाजारात तीस वर्षं बसत होती आणि तिथे तिचा शब्द चालायचा.

"डोक्याला वायरी लावनार?"

"टोपी असते गं. दुखत नाही."

"दुखतंय का ते कुनी इचारलं? मना काय भेटल?"

"चहा-पाव."

"आनि तुला?"

प्राप्तीने बंगळूरचं सांगितलं, मॅडमच्या दहाच्या अटीसकट. सोनूबाई जरा वेळ कोयत्याला दगड लावत बसली. "शनवारी सात वाजता आनतंय दहा डोकी. नवाला मोकली करायची. पाट्या भरलेल्या असतील, शनवारचं गिऱ्हाईक हाय."

शनिवारी पावणेसातलाच दहाजणी लॉजच्या अंगणात हजर. बंदरावरचा लिलाव उरकून थेट आलेल्या. बर्फ घातलेल्या पाट्या त्यांनी माडांच्या सावलीत ओळीने मांडल्या. आणि शहरातली शिकलेली माणसं डोकं बघणार म्हटल्यावर डोकं बघण्यासारखं नको? प्रत्येकीने पहाटे उठून वाटीभर खोबरेल जिरवलं होतं, चापून अंबाडा घातला होता, वर अबोलीचा गजरा. त्या ओळीने उभ्या राहिल्या तेव्हा दहा डोक्यांवर ऊन लखलखत होतं.

निकेतने ओळीतल्या पहिल्या रंगूच्या डोक्यावर टोपी चढवली, बिनसुईच्या पिचकारीने टोपीच्या भोकांतून जेल सोडलं आणि स्क्रीनकडे पाहिलं. पुन्हा जेल सोडलं. मग तो प्राप्तीला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "यांना मेंदू नाहीये."

"आणखी मोठ्याने बोल. कोयते आहेत त्यांच्याकडे."

"म्हणजे सिग्नल नाहीये. नुसता कचरा येतोय. तेल आहे गं केसांत! तेलावर तार धरतच नाही."

तीन आठवडे वर्गातल्या पोरांची शांपू केलेली डोकी एकमेकांना तपासायला मिळत होती, त्यामुळे ही अडचण कोणाला आलीच नव्हती. आणि उद्या डोकं तपासायचंय म्हटल्यावर वाडीतली बाई काय करील, हे सगळ्या वर्गात एकट्या प्राप्तीला ठाऊक असायला हवं होतं.

डोकी धुवायची तर पाणी कुठून आणायचं? मे महिन्यात वाडीला नळ तिसऱ्या दिवशी, विहीर खारी, साबणाला फेस येत नाही. राहिली लॉजची टाकी. महिपत टाकीच्या शिडीवर चढला, आत डोकावला आणि तिथूनच म्हणाला, "टँकर उद्या सकाळी. आज एकतर या पोरांच्या आंघोळी होतील, नाहीतर या बायांची डोकी. दोन्ही न्हाय होनार."

मॅडमनी बावीस जणांना अंगणात बोलावून, आंघोळ सोडायला तयार असतील त्यांना हात वर करायला सांगितलं. पहिला हात निकेतचा. बाकीचे हळूहळू वर गेले. मे महिन्यात कोकणात आंघोळ सोडायची म्हणजे थट्टा नव्हे. महिपतने शांपूच्या पुड्यांची माळ आणून दिली, आणि किती पुड्या फाडल्या ते शेवटी मोजून घेतलं.

मागच्या अंगणात मग जी धुणी निघाली ती लॉजने कधी पाहिली नसेल. कमरेएवढे केस, वाटीभर तेल. एका पुडीने काय होतंय? जीवशास्त्रवाल्या पोरी तांब्यातांब्याने पाणी घालत होत्या.

"चोल, पोरी, चोल," रंगू खाली मान घालून म्हणाली. "लग्नात हलद लागली त्याच्यानंतर आजच कुनीतरी माजं डोकं धुतंय."

"तुज्या नवऱ्याला सांग की," शेजारची म्हणाली.

"त्याला सोताचं धुवायला मीच लागतंय."

धुऊन, पिळून, दोन हेअर ड्रायर आणि ऊन यांच्यात वाळवून होईपर्यंत दहा वाजून गेले. मग मात्र रेघा स्क्रीनवर शहाण्यासारख्या चालू लागल्या. टोप्या दोन होत्या: एकीची परीक्षा चालू असताना दुसरीच्या डोक्यात जेल. समोर शंभर फोटो, मासळीचे डोळे आणि कल्ले, एकेक अर्धा सेकंद. ताजा तर उजवं बटण, शिळा तर डावं. केसरबाईने बटण दाबतादाबता विचारलं, "ह्यो कुनी इकला? त्याला पोलिसात द्या." निकेतनेही हौसेने परीक्षा देऊन पाहिली. त्याचे शंभरातले एकावन्न बरोबर आले. नाणं उडवून कदाचित बरे आले असते.

जिची परीक्षा होई ती तशीच जेल पुसून, केस बांधून, पाटी उचलून बाजाराकडे पळे. सोनूबाई वयाने मोठी, शब्द तिने दिलेला, म्हणून ती सगळ्यांच्या शेवटी. साडेबारा झाले. माडाखाली एकच पाटी उरली होती, बांगड्यांची, आणि तिच्या बुडातून बर्फाचं पाणी वाळूत ओघळत होतं. मासळीच्या घरातल्या पोरीला त्या ओघळाचा अर्थ सांगावा लागत नाही.

"आत्या, तू जा. मी नऊजणींवर भागवते."

"भागल?"

प्राप्ती टोपीच्या वायरी गुंडाळू लागली.

"तुजी म्याडम बोल्ली दहा. मी दहा बोल्ले. नवावर सौदा मना न्हाय करायचा. घाल टोपी."

सोनूबाईची रेघ पाव सेकंदाच्या आतच वर उसळत होती. बोट बटणाकडे निघायच्या कितीतरी आधी तिचा मेंदू निकाल देऊन मोकळा. शंभरात अठ्ठ्याण्णव. उरलेल्या दोन फोटोंवरून ती भांडायलाच उठली. प्राप्तीने वही काढून तपासलं, तर त्या दोन फोटोंवर चिठ्ठ्या तिने स्वतःच उलट्या लावल्या होत्या. म्हणजे शंभर. मृणाली मॅडम स्क्रीनसमोरून हलेनात. दोनच्या गाडीने यंत्र गेलं आणि पाच वाजता निवड जाहीर झाली: पहिली जागा एका उंदरांवरच्या प्रोजेक्टला, दुसरी, कल्पना तिची म्हणून, प्राप्तीला.

सोनूबाई बाजारात पोचली तेव्हा शनिवारचं गिऱ्हाईक जेवून झोपलं होतं. संध्याकाळी महिपत आला. निरोपाच्या जेवणाला त्याला मासळी हवी होती. त्याने एक बांगडा उचलला, कल्ला वर केला, पोटावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.

"सोनूबाय, नरम हाय."

"सकालचा हाय."

"सकालचा म्हंजे सकालीच इकायचा. अर्ध्यात देतेस तर सगली पाटी उचलतो."

"तुज्याच अंगनात नरम झालाय रे मेल्या!"

"आनि माजं पानी? टाकीभर गेलं, ते कुनाच्या डोक्यावर?"

सोनूबाईने आपल्या मोकळ्या, कोरड्या, कधी नव्हे इतक्या भुरभुरणाऱ्या केसांवरून हात फिरवला आणि पाटी पुढे सरकवली.

रात्री लॉजच्या गच्चीवर बिनआंघोळीची बावीस माणसं जेवायला बसली. बांगड्याचं कालवण, तळलेला बांगडा. निकेतने चौथा तुकडा घेत जाहीर केलं, "इतका ताजा मासा मी आयुष्यात खाल्ला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. प्राप्तीने पहिला घास तोंडात घातला आणि तिला कळलं. तिने महिपतला विचारलं, कुणाकडून आणले. त्याने नाव सांगितलं, भावही सांगितला, खुशीत होता.

तेव्हा बेरीज अशी पडते. प्राप्तीला जागा. मॅडमना दहा डोक्यांचे आलेख. निकेतला पोटभर जेवण आणि प्रोजेक्टवर अर्धं नाव. महिपतचं टाकीभर पाणी गेलं, ते त्याने बांगड्यांत वसूल केलं, पुड्यांचे पैसे वेगळे लावले. बावीस आंघोळी दुसऱ्या दिवशीच्या टँकरने परत आल्या. नऊजणींची मासळी उशिरा का होईना, खपली. आणि या सगळ्याचं बिल, एक पाटी बांगडे अर्ध्या भावात, सोनूबाईने भरलं.