धर्मसिंगबुवांची अकरा लेकरं

पान भिंतीला टोचलेलं, खाली ना माती ना पाणी, आणि त्याच्या कडेला चार इवली रोपं! अख्खा तांडा आ वासून उभा. पानबाबा डोळे मिटून गरजले, "ज्या सुनेच्या नावाचं पान फुटलं, तिची कूस उजवणार! मी न्हाई, पान बोलून राहिलं!"

या बाबाला सेनगावहून आणला तो माझ्याच जीपमधून. मी देविदास, तांड्याचा जीपवाला. तेव्हा पापात माझाही वाटा आहे.

पाप बोचलं ते तांड्यातल्या रुपामुळं. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. बाबांनी तिच्या नावाचं पान धुनीवरून जरा जास्तच वेळ फिरवलं आणि भिंतीला टोचलं. आठ दिवस गेले, पान फुटेना.

"कूस कोरडी!" बाबा म्हणाले. "महिनाभर अनुष्ठान, मला रोज तुपातला शिरा. तरी न फुटलं तर सून बदला."

सासू भिकाबाई पाच लेकरांची आई. तिनं लगेच आपल्या पोरासाठी, रुपाच्या नवऱ्यासाठी, म्हणजे संतोषसाठी दुसरी पोरगी बघायला घेतली. संतोष नुसती मान हलवत बसला, नंदीबैल मेला! रुपानं माहेरी जायला बोचकं बांधलं. ते बघून मला फार राग आला.

मी शाळेच्या सुधाबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "आठ दिवस रुपाला थांबवा, आणि तुम्ही तोंड बंद ठेवा." दुसरं मला जास्त जड गेलं.

नवव्या दिवशी शाळेच्या भिंतीवर दोन पानं होती. प्रत्येकाखाली नावाची घडी घातलेली चिठ्ठी. सगळा तांडा जमला.

"बाबा, तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या.

बाबांनी पहिल्या पानाची रोपं मोजली. "अकरा लेकरं! काय भाग्याची माऊली!" दुसरं पान कोरडं ठाक. "ही जन्माची वांझ. हिच्या हातचं पाणीबी पिऊ नका."

बाईंनी चिठ्ठ्या उघडल्या. अकरा लेकरांची माऊली निघाले धर्मसिंगबुवा, वय पंच्याहत्तर, बिनलग्नाचे. आणि जन्माची वांझ निघाली भिकाबाई!

"अरे देवा, एवढ्यांना खाऊ काय घालू?" बुवा म्हणाले. लोकांची हसून पुरेवाट झाली.

भिकाबाई मात्र भडकली. "माझ्या हातचं पाणी पिऊ नका? काहून रे?"

"तुमचं पान मी खिचडीच्या चुलीवर भाजलं होतं," सुधाबाई म्हणाल्या. "ही साधी पानफुटी. हिच्या पानाच्या खाचांत फुटायला तयार पेशी असतात. पेशी आपल्या आतल्या गुणसूत्रांची आधी नक्कल करते, मग एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. असं होत होत मूळ येतं, कोंब येतो. ओल पानातच असते. पण भाजलेली पेशी मरते, आणि मेलेली पेशी कुणाच्याच नावानं फुटत नाही."

रुपा गर्दीतून पुढं आली. तिनं आपलं पान आणलं होतं. कड सगळी काळी पडलेली.

बाबांनी झोळी उचलली आणि माझ्याकडं बघितलं. जीप रिकामी होती, तरी मी म्हणालो, "जागा न्हाई."

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये रुपा चढली, बोचकं न घेता. मागोमाग संतोष. "दवाखान्यात सोडा. दोघांची तपासणी करायची," रुपा म्हणाली. मी तर म्हणतो, मूल व्हायला बाईची पेशी लागते तशी पुरुषाचीही लागते, भिंतीवरचं पान लागत नाही. शंका आली तर डॉक्टरला विचारा, दोघंही जा.

शेवटी भिकाबाई चढली. रुपाला खिडकीकडं सरकवून तिच्याशेजारी बसत म्हणाली, "चार वर्षं या लेकीला बोलले. पोराला तपासायचं सुचलंच न्हाई मला."