भिंतीवरची पहिली ओळ

शकुनने पदर खोचला आणि घराच्या भिंतीवरच्या ओल्या निळ्या अक्षरांवरून फडकं फिरवलं. निमाई शिडीवर ब्रश धरून बघतच राहिला. इतका वेळ खपून त्याने वळणदार बंगालीत लिहिलं होतं, ‘क्लबच्या मैदानावर दिवे’. आता तिथे नुसता निळा फराटा उरला होता.

“शकुनदी, पहिली ओळच पुसलीत.”

“चुकीची होती म्हणून पुसली. खालच्या राहू देत. इथे लिही, वस्तीतल्या बायकांसाठी पायखाना, दार आणि पाण्यासकट.”

निमाई शिडीवरून उतरला. गल्लीतल्या क्लबचा सेक्रेटरी तो. साल एकोणसत्तर, कॉर्पोरेशनची निवडणूक तोंडावर आलेली, आणि कलकत्त्यात निवडणूक आधी भिंतींवर लढली जाते. भिंती अडवणं, चुना मारणं, अक्षरं रंगवणं, सगळं क्लबच्या पोरांच्या हातात. शकुन देवस्थळी अपक्ष उमेदवार. तिला या पोरांवाचून कोण विचारणार होतं?

“पायखाना कोण भिंतीवर लिहितं?” निमाई म्हणाला. “आणि वर तुमचं नाव, हेडमिस्ट्रेस म्हणून.”

“बरोबर बोलतोय तो,” व्हरांड्यातून मनोहर म्हणाला. “अगं, ‘आरोग्याच्या सोयी’ असं लिहून घे. कळायचं त्याला कळतं, आणि वाचायलाही बरं दिसतं.”

मनोहर हा शकुनचा नवरा. सभ्य माणूस, महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष. मंडळाने मोठ्या हौसेने शकुनला पाठिंब्याचा ठराव केला होता, शाल-नारळ दिला होता, दोघीतिघींनी ओवाळलंही होतं. फक्त मनोहर सोडला तर हात वर करणाऱ्यांपैकी एकाचंही मत या वॉर्डात नव्हतं. ही गोष्ट लक्षात आली ती चहा-चिवडा होऊन मंडळी ट्रामस्टॉपवर पांगायला लागली तेव्हा.

शकुन जन्मली, वाढली इथेच. लग्नाआधीपासून ती बंगाली मुलींच्या शाळेत शिकवत होती, आता तिथलीच हेडमिस्ट्रेस होती. वस्तीतल्या मुली घंटेच्या कितीतरी आधी शाळेत येऊन बसायच्या. तिला वाटायचं, काय अभ्यासू पोरी आहेत. मग कळलं, त्या शाळेच्या पायखान्यासाठी येतात. साऱ्या वस्तीला मिळून एक पायखाना, त्याच्या दाराला कडी नाही. बाया उजाडायच्या आत जाऊन येत आणि मग अंधार पडेपर्यंत पाणीसुद्धा बेताने पीत. मुलींच्या मागून त्यांच्या आयाही फाटकाशी येऊ लागल्या, तेव्हा शकुनने फाटक लवकर उघडायला लावलं. शाळेच्या कमिटीने लगेच कुलूप ठोकलं. शाळा म्हणजे धर्मशाळा नव्हे म्हणे. ती कमिटीशी भांडली, कॉर्पोरेशनात खेटे घातले. कुणी दाद देईना, तेव्हा रागाच्या भरात स्वतःच उमेदवारीचा अर्ज भरून आली. तो राग अजून उतरला नव्हता, आणि उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.

“असं करू,” निमाई समजुतीच्या सुरात म्हणाला. “दिवे पहिले, तुमचा पायखाना चौथा. निवडून आलात की करा ना आधी काय करायचं ते. कोण बघायला येतंय?”

“हे शहाणपणाचं आहे हं,” मनोहर म्हणाला.

“निमाई, चौथ्या नंबरचं काम या शहरात झालेलं कधी पाहिलंयस?”

निमाईने प्रामाणिकपणे विचार केला. “नाही.”

“मग झालं तर.”

“मग क्लब तुमच्याबरोबर नाही, शकुनदी.”

“नसू दे. शिडी तेवढी ठेवून जा.”

“शिडी क्लबची आहे,” तो म्हणाला आणि खांद्यावर टाकून घेऊन गेला.

शकुनने जेवणाच्या टेबलाची खुर्ची बाहेर आणली, तिच्यावर चढली आणि स्वतः लिहिलं. अक्षरं तिरकी आली. चांगली हातभर उंच आली, हे मात्र खरं.

गल्लीला महिनाभर पुरेल एवढी करमणूक झाली. पोरं तिला पायखानादीदी म्हणू लागली. मनोहर बाजाराला मागच्या बोळातून जाऊ लागला. मंडळातल्या बायका भेटल्या की तब्येतीची चौकशी करत, निवडणुकीची नाही. पण शकुनच्या कोपरासभेला वस्तीतल्या बाया येत, कडेवर पोरं घेऊन शेवटपर्यंत उभ्या राहत. त्या गर्दीची बातमी जायची तिथे बरोबर गेली.

एका सकाळी मनोहर बाजारातून रिकामी पिशवी घेऊनच परत आला.

“त्या हालदाराने तुझी ओळ चोरली. प्रत्येक भिंतीवर, लाल रंगात, पहिली. दिवसाढवळ्या चोरी आहे ही.”

हालदारबाबू म्हणजे गेल्या खेपेचे काउन्सिलर. त्यांच्यामागे अख्खा पक्ष होता. शकुन चपला घालून बघायला गेली. ओळ शब्दन्‌शब्द तिचीच, दार आणि पाण्यासकट.

“अक्षर सुरेख आहे,” ती म्हणाली. “निमाईचंच दिसतंय.”

ती पडली. चांगली सपाटून पडली. बायकांची मतं त्यांच्या नवऱ्यांनी ठरवली, आणि नवऱ्यांची हालदारबाबूंच्या पक्षाने. निकालाच्या संध्याकाळी फटाके वाजत होते तेव्हा शकुन घरी नव्हती, वस्तीत गेली होती. मनोहरने तिचं ताट झाकून ठेवलं होतं. तिच्या हरण्याचं त्याला इतकं लागेल असं त्याचं त्यालाही वाटलं नव्हतं.

सकाळी ती लवकर निघाली.

“कुठे?”

“हालदारबाबूंकडे. अभिनंदन करायला.”

मनोहर उठला. त्याने जाळीच्या कपाटातून संदेश मिठाईचा पुडा काढला. “रिकाम्या हाताने जाऊ नये,” तो म्हणाला.

हालदारबाबूंचं दार त्यांच्या बायकोने उघडलं. गल्लीतले सगळे त्यांना बौदि म्हणत, वहिनी. दारात शकुन, आणि तिच्या मागे पार गल्लीच्या वळणापर्यंत वस्तीतल्या बाया, एकीमागे एक, हातात पाण्याचे डबे.

“नमस्कार, बौदि,” शकुनने पुडा पुढे केला. “निवडून आल्याबद्दल.”

“ते अजून उठले नाहीत.”

“निजू देत. त्यांनी भिंतीवर पहिली ओळ काय लिहिलीय, वाचलीत ना तुम्ही? ती पुरी होईपर्यंत या रोज सकाळी इथे येतील. जायला दुसरी जागा नाही त्यांना.”

बौदि रांगेकडे बघत राहिल्या. पुढे उभी असलेली शेफाली पोटुशी होती, दिवस भरत आलेली. तिने पायाचा भार बदलला आणि डबा या हातातून त्या हातात घेतला.

वरून हालदारबाबूंचा झोपाळू आवाज आला, “कोण आलंय?”

“माझ्याकडे आल्यात,” बौदि वर बघून म्हणाल्या. मग पुडा घेऊन त्या दारातून बाजूला झाल्या आणि शेफालीला हाताला धरून आत घेतलं.

“खालचा पायखाना रिकामाच आहे. आणि बाकीच्यांसाठी वरचाही उघडते,” त्या शकुनला म्हणाल्या. “आज आमच्या ह्यांना थांबू दे.”