घडी न मोडलेली शाल

मी सत्काराची शाल बोलतेय. स्टेजवर, तबकात, नारळाशेजारी तुम्ही मला शंभरदा पाहिलं असेल. फोटो निघाला की माझं काम संपतं.

बारा वर्षांपूर्वी नाशिक रोडच्या एका दुकानातून कॉलेजने मला आणलं, कारण कॉलेजचे अध्यक्ष धोंडीराम गायखे मंत्री झाले होते. वणीजवळच्या खेड्यातून अनवाणी शाळेत गेलेला माणूस. आधी मास्तर, मग आमदार. मंत्री झाले तरी दर शनिवारी कॉलेजात यायचे आणि मागच्या बाकावर बसून एखादा तास ऐकायचे.

सत्काराच्या सकाळी तबक मांडायला सुलाबाई होती. कॉलेज झाडायची, चौदा वर्षं रोजंदारीवर. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मुलीकडून, संजनाकडून, लिहून घेतलेला अर्ज माझ्या आतल्या घडीत सरकवला. नोकरीत कायम करा, एवढंच मागणं. एवढ्या बंदोबस्तातून तिला साहेबांपर्यंत कोण जाऊ देणार? घरी गेल्यावर साहेब शाल उघडतीलच, असं बिचारीला वाटलं.

कुठलं काय! साहेबांच्या पीएचा, लखनचा, नियमच होता: शालीची घडी मोडायची नाही, पुढे कुणाला तरी द्यायला होते. आणि हा नियम काय एकट्या लखनचा? मी मनमाडच्या एका डॉक्टरांच्या खांद्यावर बसले, तिथून एका मुख्याध्यापकांच्या, आणि फिरूनफिरून पुन्हा साहेबांच्याच! हसावं की रडावं कळेना. अर्ज पोटात तसाच. मग लखनने मला कॉलेजला देऊन टाकलं, आणि तिथल्या कपाटात मी नऊ वर्षं पडून राहिले.

दरम्यान साहेबांचं मंत्रिपद गेलं. गाड्या गेल्या, हारवाले गेले, अध्यक्षपद तेवढं राहिलं. शनिवार मात्र त्यांनी चुकवला नाही.

यंदा जानेवारीत सुलाबाईला साठ पूर्ण झाली आणि काम सुटलं. रोजंदारीवाल्यांना कोण निरोप देतंय? पण साहेब हट्टालाच पेटले. हिने अख्खं कॉलेज झाडलंय, म्हणाले. निरोपाच्या सकाळी कपाटातून मलाच काढलं. कडाक्याची थंडी होती. ती कुडकुडत होती म्हणून साहेबांनी मला पूर्ण उलगडलं, आणि अर्ज त्यांच्या पायाशी पडला.

त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला. तारीख पुन्हा पाहिली. भाषणात कधी न अडणारा माणूस, पण माइक बाजूला सारून तिच्याकडे वळला.

"सुलाबाई, हा मला मिळालाच नाही."

"मला वाटलं, सायबांनी वाचला असंल," ती म्हणाली. "जमत नसंल. मंग परत कशाला इचारायचं?"

मला फार वाईट वाटलं. बारा वर्षं तो कागद मीच सांभाळत होते ना!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कपाटातल्या सगळ्या शाली जमिनीवर बसून स्वतः उघडल्या. आणखी दोन अर्ज निघाले. त्यातला एक गोरक्ष शिपायाचा. तो अजून कामावर आहे. गेल्या महिन्यात कायम झाला. ही बातमी सुलाबाईने घरी येऊन सांगितली, आणि सांगताना डोळे मात्र माझ्याच पदराला पुसले.

हो, मी आता तिच्याकडे असते. सकाळी चहा पिताना ती मला अंगभर घेते. ऊब काय असते, ते मला या वयात कळतंय.

तुमच्याही कपाटात सत्काराची एखादी शाल असेल. कृपा करा, आजच तिची घडी मोडा.