नकाशावरचा खडक

बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत दोन टेबलं जोडून समुद्राचा नकाशा पसरला होता. त्याचे कोपरे उडू नयेत म्हणून एकीकडे चहाचा पेला, दुसरीकडे कुणाचा तरी चष्म्याचा डबा आणि उरलेल्या दोन टोकांवर जाळ्याची शिशाची वजनं. मत्स्यखात्याच्या बाई सकाळपासून एकच सांगत होत्या. मासा एकटा जगत नाही. तो अंडी घालतो तो खडक, खडकावरचं शेवाळ, शेवाळातली कोळंबी, वरून झडप घालणारे पक्षी, सगळं मिळून त्याचं घर. नुसते किती पकडले ते मोजून भागायचं नाही, घर सांभाळायला हवं. तेव्हा अंड्यांवर आलेले मासे कुठे जमतात हे ज्याला ठाऊक असेल त्यानं नकाशावर खूण करावी. तिथे पुढची दहा वर्षं कुणीच जाळं टाकायचं नाही.

झालं, जमलेले मच्छीमार आपापल्या चपलांकडे बघू लागले. एरवी ही मंडळी बोलायला लागली की खालचा बर्फसुद्धा वितळावा.

दोघा भावांतला थोरला खिडकीपाशी बसला होता. चाळीस वर्षं त्याची स्वतःची होडी. ती जागा त्याला ठाऊक होती, आणि त्याच्या मते त्याला एकट्यालाच. दीपगृह आणि टेकडीची खाच एका रेषेत आली की खाली तो खडक. वडिलांनी जाताना कानात सांगितलेलं, आणि ह्या गृहस्थानं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायकोला नाही, आणि समोर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या धाकट्या भावालाही नाही.

धाकट्याला तर तो उलट दिशेला पाठवायचा. एकदोनदा नव्हे, वर्षानुवर्षं. "दक्षिणेला बघ, तिकडे आहे मासा," म्हणायचा, आणि वर तोंड करून म्हणायचा. धाकटा बिचारा जायचा, हात हलवत परत यायचा. "आज नव्हता, दादा," एवढंच बोलायचा. शेवटी त्यानं होडी विकली आणि खाली ह्याच कारखान्यात बर्फाच्या लाद्या फोडायला लागला.

आता खूण करायची म्हणजे त्याच्यादेखत सगळं कबूल करायचं. आणि न करावी, तर खडक संपत आलेला. गेल्या हंगामात थोरल्याच्या जाळ्यात अंड्यांवर आलेली मासळी लागली ती वीतभरही नव्हती. पोरवयातच त्यांना अंडी धरायची वेळ आली होती. ते पाहून त्याला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

तो उठला. बाईंच्या हातातली पेन्सिल घेतली, चष्मा पुसला, खूण केली. मग मान वर करायचा धीर होईना. धाकटा टेबलापाशी आला आणि वाकून बघू लागला.

"मी तुला खोटं सांगत आलो," थोरला म्हणाला. "माफी मागायलाही तोंड नाही मला."

"ठाऊक होतं, दादा."

"काय ठाऊक होतं?"

"ही जागा. होडी विकली त्याच्या दोन वर्षं आधी लांबून पाहिलं होतं तुला तिथे."

थोरल्यानं आता कुठे मान वर केली. "मग गेला का नाहीस?"

"बाबांनी तुला दिली होती ती. वाटायचं, तू बोलावशील."

खोलीत बाकीची माणसं उगाच खिडकीबाहेर बघत राहिली. धाकट्यानं बर्फानं भेगाळलेलं बोट त्या खुणेवर ठेवलं.

"केवढे असतात रे तिथले मासे? बाबा सांगायचे, एक उचलायला दोन माणसं लागतात."

थोरल्याला अजून एकदाच खोटं बोलावंसं वाटलं, भावाच्या सुखासाठी. त्यानं दोन्ही हात चांगले लांब पसरलेही. मग ते हळूहळू जवळ आणले, पार वीतभर अंतरावर.

"एवढे," तो म्हणाला. "मोठे मी संपवले."